एकेचाळीस रिकामे रकाने

सर्व वाचक बंधुभगिनींस नम्रपणे विदित करण्यात येते की, पुढील लेखनात मी एका कामगाराच्या अठरा वर्षांच्या नोकरीवर आलेले संकट, ते संकट ज्या रिकाम्या रकान्यांतून उत्पन्न झाले ते रकाने, आणि त्या संकटावर मिळालेला संपूर्ण विजय यांची हकीकत यथाक्रम सांगणार आहे. माझे शिक्षण आठवी पास एवढेच आहे. तथापि वाचनाची आवड मला लहानपणापासून आहे व फाटकावरच्या नोकरीत वाचनास अवकाशही मिळतो. भाषेत उणीव आढळल्यास ती माझ्या शाळेची समजावी. हकीकतीत मात्र मी उणीव राहू दिलेली नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी तयार करणारा एक कारखाना आहे. तेथे चौदा वर्षांपासून मी दिवसपाळीचा पहारेकरी आहे. रोज पहाटेच्या एसटीने फुलंब्रीहून निघावे, सात वाजण्यापूर्वी फाटकावर हजर व्हावे, आणि टेबलावरील जाड वही उघडून तारीख घालावी, हा माझा नित्यक्रम होय. या वहीस आम्ही बाहेर-आत वही म्हणतो. कामाच्या वेळेत जो कोणी बाहेर जाईल त्याचे नाव, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, कारण आणि सही असे तिचे रकाने असतात. मालाची गाडी, पाण्याचा टँकर, टपाल यांचीही नोंद त्याच वहीत, ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने होते.

या वहीत माझा एक नियम आहे आणि तो कोठेही छापलेला नव्हता. जो माणूस मयतीला निघाला आहे त्याला मी थांबवीत नाही. त्याची सही घेत नाही, त्याला वेळ विचारीत नाही. तो फाटकाबाहेर पडला की त्याचे नाव लिहितो, कारणाच्या रकान्यात ‘मयत’ लिहितो, आणि वेळेचा रकाना रिकामा सोडतो.

याला कारण आहे. पहारेकरी होण्यापूर्वी मी याच कारखान्यात गाड्या भरीत असे. वडील गेल्याचा निरोप आला त्या दिवशी मी फाटकावर आलो, तेव्हा त्या वेळच्या पहारेकऱ्याने वही पुढे सरकवून म्हटले, “टाइम टाक आणि सही कर.” माझ्या मनगटावर घड्याळ होते. मी त्याकडे पाहिले, परंतु काटे काय सांगत आहेत ते मला उमजेना. पेनही चालेना. मागे उभे असलेले लोक चुळबुळ करू लागले. शेवटी त्यानेच काहीतरी वेळ लिहिली व मला सोडले. पुढे तीच वही माझ्या हाती आली. त्याच दिवशी मी ठरविले की, माझ्या फाटकावर हा प्रसंग कोणावरही येणार नाही. जुने मालक हयात असताना त्यांनीही तोंडी सांगितले होते, “मयतीला जाणाऱ्याला दोन तासांची मोकळीक. त्याला अडवायचं नाही.”

आता कमरोद्दीन यांचा परिचय करून देतो. कमरोद्दीन हे मूळचे सिल्लोडचे. पुठ्ठा कापण्याच्या यंत्रावर अठरा वर्षे काम, उंच शरीरयष्टी, आवाज मोठा आणि हसणे त्याहून मोठे. त्यांच्या वस्तीत मयतीला गुस्ल म्हणजे अखेरची आंघोळ घालणारी, कबर खणणारी जी चार-सहा माणसे आहेत त्यांपैकी ते एक. परंतु त्यांनी वस्तीची मर्यादा कधी पाळली नाही. कारखान्यातील कोणाच्याही घरी माणूस गेला की तिरडी बांधण्यास कमरोद्दीन हजर. ज्याच्या घरी खांदा देणारे कमी, तेथे ते सर्वांत आधी. साहजिकच माझ्या वहीत ‘मयत’ हा शब्द त्यांच्या नावापुढे सर्वांत अधिक वेळा आलेला आहे.

गेल्या वर्षी कारखान्याने सर्व वह्या संगणकात घालण्याचे ठरविले. कार्यालयातील प्रेरणाताईंनी माझ्या तीन वर्षांच्या वह्या चार महिने बसून एकेक ओळ करून टंकित केल्या. मला त्याचा अभिमान वाटला. माझे अक्षर आता काचेवर झळकणार, असे मी घरी आशाबाईंना, म्हणजे माझ्या पत्नीस, सांगितलेही.

त्यानंतर एका सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, कमरोद्दीन एक कागद घेऊन फाटकावर आले.

“कडुबा भाऊ, हे वाच बरं. मला मराठी येतं, पण असलं मराठी नाय येत.”

पत्र कार्यालयाचे होते. गेल्या तीन वर्षांत आपण कामाच्या वेळेत एकूण सहाशे नऊ तास कारखान्याबाहेर होता असे नोंदींवरून दिसते. तरी गुरुवारी सकाळी अकरा वाजता चौकशीस हजर राहावे. समाधानकारक खुलासा न झाल्यास आपली सेवा समाप्त करण्यात येईल, असा त्यातील मजकूर होता.

मी तो दोनदा वाचून दाखविला.

“सहाशे तास,” कमरोद्दीन म्हणाले. “मी होतो कुठं म्हणं?”

“गेटच्या बाहेर म्हणतेत.”

“एवढा टाइम बाहेर असतो तर दुसरं लगीन तरी झालं असतं.” ते हसले व त्यांनी कागदाची घडी घातली. “भाऊ, आफरीनचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष हाय. जमिलाला अजून सांगितलं नाय मी.”

आफरीन ही त्यांची कन्या व जमिला ही पत्नी. मी वही बदली माणसाकडे दिली आणि तडक कार्यालयात गेलो.

प्रेरणाताईंनी संगणकावर कमरोद्दीन यांचे नाव काढले. पडद्यावर एकेचाळीस ओळी उभ्या राहिल्या. पहिल्याच ओळीवर त्यांनी बोट ठेवले.

“ही बघा काका. गेले शून्य वाजता, म्हणजे रात्री बाराला. आले दुपारी तीन वीसला. पंधरा तास वीस मिनिटं.”

“अहो, त्यांची पाळीच आठला सुरू होती. आठ तासांच्या पाळीत माणूस पंधरा तास बाहेर कसा राहील?”

“कॉम्प्युटरला पाळी माहीत नाही. त्याला वजाबाकी माहीत आहे. आणि वरती साहेबांकडं फक्त बेरीज जाते, ओळी कुणी बघत नाही.”

“पण शून्य मी लिहिलंच नाय. मी रकाना मोकळा सोडलाय.”

त्यांनी पडद्यावरचे बोट मागे घेतले. मग म्हणाल्या, “शून्य मी टाकलं. मोकळा सोडला की तो पुढं सरकूच द्यायचा नाही, लाल अक्षरं यायची. प्रोग्रॅमवाल्यांना फोन केला तर म्हणाले, जिथं वेळ नाही तिथं शून्य टाका. आणि कारणाचा रकाना त्यात नव्हताच.”

वाचकहो, मला त्यांचा राग आला नाही. परंतु त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला एक गोष्ट लख्ख दिसली, आणि ती मी आजवर कोठेही वाचलेली नव्हती. माझ्या वहीतील मोकळी जागा असे सांगत होती की, माणूस गेला हे निश्चित, केव्हा गेला ते मला ठाऊक नाही. संगणकातील शून्य मात्र ठणकावून सांगत होते की, माणूस रात्री बाराच्या ठोक्याला गेला. माझे ‘ठाऊक नाही’ हे प्रामाणिक होते. तेथे शून्य बसताच त्याची साक्ष झाली, आणि तीही खोटी. अशा एकेचाळीस खोट्या साक्षी एका सज्जन माणसाविरुद्ध उभ्या राहिल्या होत्या, आणि त्या माझ्याच वहीतून निघाल्या होत्या.

हे सर्व मी राजकुमार साहेबांस सांगितले. कामगारांचे सर्व व्यवहार त्यांच्याकडे आहेत. साहेब वयाने लहान, शिकलेले व मनाने बरे आहेत. त्यांनी ऐकून घेतले आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

“मग सोपं आहे की, गाडेकर. प्रत्येक ठिकाणी अंदाजे वेळ सांगा. दीड म्हणा, पावणेदोन म्हणा. प्रेरणा मॅडम टाकतील. संध्याकाळपर्यंत विषय संपेल, चौकशीसुद्धा लागणार नाही.”

“मला माहीत नाय साहेब.”

“अंदाजे म्हणतोय मी.”

“तीन वर्षांखालचा अंदाज कसा सांगू? उद्या दुसऱ्या कुणासाठी दुसरा साहेब म्हणंल, अंदाजे लिहा. मंग माझ्या वहीत खरं काय राहिलं?”

“तुमच्याच मित्राची नोकरी वाचते आहे,” साहेब म्हणाले. “विचार करा.”

मी विचार केला, हे प्रांजळपणे मान्य करतो. बाहेर व्हरांड्यात कमरोद्दीन उभे होते. त्यांना मी साहेबांचे म्हणणे सांगितले व विचारले, “लिहू का?”

त्यांनी फाटकाकडे पाहिले.

“नक्को भाऊ,” ते म्हणाले. “त्या एकेक माणसाला या हातांनी पोचवलंय. त्यांच्या नावावर खोटा टाइम नक्को.”

“आणि नोकरी गेली तर?”

“तर सिल्लोडला मक्याची पोती भरीन. तू काटा धर. वजन तरी तुला अंदाजानं सांगता येतंय का बघू.”

मंगळवारची सकाळ मी मोठ्या क्लेशात काढली. गुरुवार जवळ येत होता, खोटे लिहायचे नाही हे ठरले होते, आणि खरे ठाऊक नव्हते. जुन्या वह्या कार्यालयातून मागवून घेतल्या व फाटकावरच पाने उलटीत बसलो. एका पानावर माझी दृष्टी अडली. वरच्या ओळीत पाण्याचा टँकर, एक बेचाळीस. खालच्या ओळीत टपाल, एक एक्कावन्न. मधल्या ओळीत कमरोद्दीन, मयत, रकाना रिकामा.

मी पेन खाली ठेवले.

कमरोद्दीन टँकरच्या नंतर गेले होते आणि टपालाच्या आधी गेले होते. कारण माझी वही क्रमाने चालते. मयतीचा माणूस बाहेर पडताच मी त्याची ओळ लिहितो. वेळ लिहीत नाही, पण ओळ लिहितो. म्हणजे नेमकी वेळ मला ठाऊक नव्हती, तरी तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंती माझ्याच हातांनी बांधलेल्या होत्या. एक बेचाळीसच्या आधी नाही, एक एक्कावन्नच्या नंतर नाही. यात एका अक्षराचाही अंदाज नव्हता.

मी वही छातीशी धरून कार्यालयात गेलो. माझे वय त्रेपन्न आहे, तरी जिना मी धावत चढलो.

प्रेरणाताईंनी पान पाहिले, पडदा पाहिला, आणि कपाळावर हात मारून घेतला. “ओळीचा क्रम मी टाकलाच नाही, काका. कॉम्प्युटरनं सगळं वेळेप्रमाणं लावलं, म्हणून शून्यवाले सगळे दिवसाच्या वरती जाऊन बसले. आजूबाजूचे शेजारी तुटले त्यांचे.”

“शेजारी वहीत हायेत.”

“मग डबा इथंच आणा. जेवता जेवता करू.”

मंगळवार व बुधवार या दोन दिवसांच्या जेवणाच्या सुट्टीत, आणि बुधवारी पाळी सुटल्यावर पाऊण तास, आम्ही दोघे त्या कामास बसलो. प्रेरणाताईंनी कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले. एकाला नाव दिले ‘याच्या आधी नाही’ आणि दुसऱ्याला ‘याच्या नंतर नाही’. मी वही वाचीत गेलो, त्या लिहीत गेल्या. बहुतेक ओळींत दोन भिंतींमधले अंतर दहा-पंधरा मिनिटे निघाले. दोन ओळींत मात्र ते एक तास दहा मिनिटे निघाले, कारण त्या दिवशी फाटकावर वर्दळच नव्हती. तेही आम्ही तसेच लिहिले, कमी केले नाही. परत येण्याच्या वेळा तर वहीत होत्याच, कारण परत येणाऱ्यास घाई नसते व तो स्वतःच सांगतो.

चाळीस ओळी झाल्या. बेरीज निघाली ती अशी: कमीत कमी अठ्ठावन्न तास, जास्तीत जास्त सदुसष्ट. जुन्या मालकांच्या मोकळिकीप्रमाणे चाळीस मयतींचे ऐंशी तास होतात. सहाशे नऊचा पत्ता नव्हता.

प्रेरणाताई हसू लागल्या. मग एकदम थांबल्या.

“काका, ही एक राहिली. एकेचाळिसावी. हिच्यात जायची वेळ नाही, यायचीही नाही.”

“मंग कॉम्प्युटर काय म्हणतो?”

“शून्यातून शून्य गेलं. शून्य तास. म्हणजे त्या दिवशी ते बाहेर गेलेच नाहीत.” त्यांनी आवाज लहान केला. “राहू द्या की काका. फायद्याचीच आहे. कुणाच्या लक्षात पण येणार नाही.”

मी ओळ पाहिली. ती पानाच्या अगदी तळाशी, क्रम सोडून लिहिलेली होती, आणि तिच्यावर दोन नावे होती. कमरोद्दीन आणि गाडेकर. तो माझ्या आईच्या मरणाचा दिवस होता. निरोप आला तेव्हा मी फाटकावरच होतो. पेन टेबलावर टाकून उठलो. कमरोद्दीन यांनी मला आपल्या मोटारसायकलवर बसविले व फुलंब्रीस आणले. ती ओळ मी तेरा दिवसांनी कामावर परतल्यानंतर लिहिली होती. तिला वरची भिंत नव्हती, खालचीही नव्हती.

त्या सायंकाळी घरी मी आशाबाईंना सर्व सांगितले व म्हणालो की, एक ओळ गप्प ठेवली तर काही बिघडत नाही.

आशाबाई भाकरी थापीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“तो माणूस दिवस मावळेस्तोवर हितं होता. लाकडं त्यानं रचली. लोकं पांगली तरी तुमच्या शेजारी बसून होता. म्या त्याला चहा दिला तर कप धुवून ठेवला. अन् तुमचा कॉम्प्युटर म्हणतो तो कुठं गेलाच नाय व्हय? तुम्ही बी तेच म्हणा मंग.”



गुरुवारी अकरा वाजता चौकशी सुरू झाली. मेजाच्या पलीकडे राजकुमार साहेब, अलीकडे कमरोद्दीन, बाजूला संगणक घेऊन प्रेरणाताई, आणि माझ्या मांडीवर तीन वर्षांच्या वह्या. मी एकेक पान उघडून दाखविले. प्रेरणाताईंनी पडद्यावर तीच ओळ दाखविली. टँकर, कमरोद्दीन, टपाल. कुरिअर, कमरोद्दीन, पुठ्ठ्याची गाडी. सहाव्या ओळीनंतर साहेब स्वतःच वही ओढून घेऊन वाचू लागले. बाराव्या ओळीस त्यांनी कपाळ पुसले. चाळिसावी ओळ झाल्यावर ते म्हणाले, “अठ्ठावन्न ते सदुसष्ट. ठीक आहे. मला पटलं.”

येथे मी गप्प बसलो असतो तर हकीकत संपली असती.

“साहेब, अजून एक ओळ हाय,” मी म्हणालो. “तुमच्या कागदावर ती शून्य तास दिसंल. ते खोटं हाय. त्या दिवशी हे सगळ्यात जास्त वेळ बाहेर होते. दुपारनंतर परत आलेच नाय.”

कमरोद्दीन यांनी माझ्याकडे पाहिले. प्रेरणाताईंनी डोळे मिटून घेतले.

“किती वाजता गेले?” साहेबांनी विचारले.

“माहीत नाय.”

“आधीची ओळ, नंतरची ओळ?”

“ती ओळ क्रमात नाय. मी तेरा दिवसांनी लिहिलेली हाय. माझी आई वारली होती, साहेब. हे मला घेऊन गेले.”

साहेबांनी तारीख विचारली व उठून कपाटातून कमरोद्दीन यांची फाईल काढली. बराच वेळ ते कागद चाळीत होते. मग एक कागद त्यांनी मेजावर ठेवला. तो अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज होता. तारीख माझ्या आईच्या मरणाच्या दुसऱ्या दिवसाची. कारणात लिहिले होते, ‘काल कडुबा भाऊची आई वारली. मयतीला दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागला. अर्धा दिवस रजा धरावी.’ खाली सही.

हा अर्ज मला ठाऊक नव्हता. त्यानंतरची दोन वर्षे आम्ही रोज एकत्र चहा पीत होतो आणि त्यांनी तो कधी बोलून दाखविला नव्हता.

“हे सांगितलं का नाही तुम्ही?” साहेबांनी त्यांना विचारले.

“काय सांगायचं, साहेब? माझी रजा, माझा अर्ज.” मग माझ्याकडे पाहून ते म्हणाले, “अन् हा आपला स्वतःच मला पकडून द्यायला निघालाय. असला वकील मिळाला तर फाशीच.”

सर्वप्रथम साहेब हसले. मग प्रेरणाताई. मला हसू आले की काय आले ते मी सांगू शकत नाही. मी वहीच्या पानावरची धूळ पुसू लागलो.

साहेबांनी चौकशीचे पत्र परत मागून घेतले व आमच्यासमक्ष त्याच्यावर ‘रद्द’ असे लिहून सही केली. नंतर प्रेरणाताईंस म्हणाले, “त्या प्रोग्रॅमवाल्यांना फोन लावा. स्पीकरवर.”

फोनवरील मनुष्य प्रथम म्हणाला की वेळेचा रकाना रिकामा ठेवता येणारच नाही. प्रेरणाताईंनी त्यास शांतपणे विचारले, “तुम्ही आज सकाळी चहा किती वाजता घेतला?” तो म्हणाला, “लक्षात नाही.” त्या म्हणाल्या, “मग रात्री बारा लिहू का?”  आठ दिवसांत नवा प्रोग्रॅम आला.

आता त्याची रचना अशी आहे. वेळ ठाऊक नसेल तर रकाना रिकामा राहतो व तेथे एक आडवी रेघ दिसते. तिच्या बाजूस ‘याच्या आधी नाही’ व ‘याच्या नंतर नाही’ हे दोन रकाने आहेत, पुढे कारण आहे, आणि प्रत्येक ओळीस वहीतील क्रमांक आहे. रिकामी ओळ संगणक बेरजेत धरीत नाही व गाळीतही नाही. बेरजेच्या खाली वेगळी मोजून दाखवितो. जुन्या नोंदी या रीतीने दुरुस्त केल्या, तेव्हा आणखी अकरा कामगारांच्या नावावरचे खोटे तास उतरले. त्यांपैकी एकालाही आपल्यावर ते चढले होते याची खबर नव्हती. कमरोद्दीन यांच्या पानावर आज चाळीस ओळींत भिंती आहेत आणि एका ओळीत नुसती रेघ आहे. ती रेघ माझ्या आईची आहे.

परंतु सर्वांत मोठा विजय वेगळाच आहे. जुन्या मालकांचे तोंडी बोलणे आता फाटकावर, माझ्या टेबलाच्या मागे, कारखान्याच्या शिक्क्यानिशी लावलेले आहे: ‘मयतीस जाणाऱ्या कामगारास थांबवू नये. त्याची सही घेऊ नये, वेळ विचारू नये. वेळेचा रकाना रिकामा ठेवावा.’ मजकूर राजकुमार साहेबांनी माझ्याकडून सांगवून घेतला. शुद्धलेखन प्रेरणाताईंनी तपासले.

जमिलाभाभींनी माझ्या घरी मालपुव्यांचा डबा पाठविला. आशाबाईंनी तो रिकामा परत न पाठविता सीताफळे भरून पाठविला. आफरीनची परीक्षा झाली असून ती आता शिक्षण संपवून रुग्णसेवेस लागली आहे.

मागील महिन्यात एके दिवशी सकाळी बांधणी विभागातील गोकुळ फाटकाकडे येताना दिसला. चालणे वेगळे होते. मागे कमरोद्दीन मोटारसायकल ढकलीत येत होते. मी काही विचारले नाही. अडसर वर केला. कमरोद्दीन यांनी जाता जाता माझ्या मागच्या शिक्क्याच्या कागदाकडे बोट दाखविले, जणू मीच तो वाचलेला नाही. दोघे जालना रस्त्याला लागले. मग मी वही पुढे ओढली, दोन नावे लिहिली, कारण लिहिले, आणि वेळेचा रकाना मोठ्या समाधानाने रिकामा सोडला. वरच्या ओळीत दुधाची गाडी होती, नऊ दहा. खालची ओळ जो कोणी येईल त्याची.

ज्या वाचकांनी आपला बहुमोल वेळ देऊन ही हकीकत शेवटपर्यंत वाचली, त्या सर्वांचा मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे. त्या वेळेची नोंद मजजवळ नाही, आणि ती मी कोणत्याही अंदाजाने भरणार नाही.

आपला नम्र,
कडुबा साहेबराव गाडेकर
पहारेकरी, दिवसपाळी
मुक्काम फुलंब्री, जिल्हा छत्रपती संभाजीनगर